दोरी पुरत नाही

स्ट्रँडेड डीप या निर्जन बेटावर जगायच्या कॉम्प्युटर गेमचं नाव काढलं की खेळलेला माणूस आधी शार्कबद्दल बोलतो. शार्क आहेतच, त्यांच्याकडे येईन. पण या खेळात आपली खरी अडवणूक करते ती दोरी. सुरी करायची, दोरी. भाला, दोरी. नारळाची बाटली, निजायला आडोसा, मोडलेल्या पायाला बांधायच्या काठ्या, तराफ्याचा एकेक तुकडा, सगळीकडे दोरी. एका दोरीला चार पाती लागतात. पाती मिळतात मुख्यतः युक्काच्या झुडपाची, आणि झुडपं एका बेटावर मोजकीच. एकदा कापलं की पुन्हा फुटायला खेळातले काही दिवस जातात. तोवर बसा हात चोळत.

मी एका सीएंच्या ऑफिसात हिशेब बघते. मार्चअखेर उरकली की थोडी उसंत मिळते. यंदा त्या उसंतीत हा खेळ हाती लागला. चिरंजीवांनी सेलमध्ये घेतला होता. एक दुपार खेळले आणि "नुसती लाकडं गोळा करायची, बोअर आहे" म्हणून सोडून दिला. नुसती लाकडं गोळा करायची हे ऐकूनच मी बसले. गोळीबाराचे खेळ मला झेपत नाहीत, पण साठा ठेवणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे.

त्याच सुमारास माझे सासरे, अप्पा, गुडघ्याच्या तपासण्यांसाठी वेळणेश्वरहून आमच्याकडे आनंदनगरला आले होते. कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत आणि त्याच्या पाठीमागे अप्पांचा दिवाण. तोंडासमोर पेपर धरलेला असायचा, पण नजर चष्म्यावरून पडद्याकडे. सगळं आयुष्य माडांच्या बागेत गेलेलं. पहिले दोन दिवस ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी कुऱ्हाड घेऊन एका माडाच्या बुंध्यावर घाव घालायला लागले तेव्हा पेपर खाली आला.

"काय करतेस?"

"नारळ काढतेय अप्पा. उंच आहेत, हाताला येत नाहीत."

"नारळासाठी माड तोडतेस?"

मी सांगितलं की यात झाडावर चढता येत नाही. बुटक्या माडाचे नारळ हाताला लागतात, काही खाली पडलेले मिळतात, बाकीच्यांसाठी झाड आडवं करायचं. शिवाय त्याचे ओंडके होतात, ओंडक्यांच्या काठ्या होतात, झावळ्या मिळतात. अप्पांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "परत लावतेस ना?"

परत लावायची सोय नाही. तोडलेला माड या खेळात पुन्हा येत नाही. म्हणजे काठी हा संपणारा माल आहे. हे मला पुढे कधीतरी कळलंच असतं, पण तेव्हा बेट बोडकं झालेलं असतं. त्या दिवसापासून राहत्या बेटावरचे माड तोडायचे नाहीत असा नियम केला. लाकूड आणायचं ते शेजारच्या बेटांवरून. थोडक्यात, मुलूखगिरी. पुण्यात राहून ती जमायला हरकत नव्हती.

जरा मागे जाऊन खेळाबद्दल सांगते. ऑस्ट्रेलियातल्या बीम टीम गेम्स या छोट्या कंपनीने तो केला. जानेवारी २०१५ मध्ये अर्धाकच्चाच विक्रीला ठेवला आणि नंतर वर्षानुवर्षं त्यात भर घालत गेले. तुम्ही एका खासगी विमानात बसलेले असता, खाली प्रशांत महासागर. वादळ होतं, विमान पडतं. बुडत्या विमानातून पोहत बाहेर यायचं, रबरी होडी पकडायची. डोळे उघडतात तेव्हा उजाडलेलं असतं आणि समोर बेट. बेट म्हणजे आमची सोसायटी पार्किंगसकट मावेल आणि क्लबहाऊस पाण्यात राहील, एवढंच. चारी बाजूंना दूरवर तसलीच बेटं. समुद्राची मांडणी प्रत्येक नव्या डावाला वेगळी पडते, त्यामुळे दुसऱ्याने काढलेला नकाशा तुमच्या कामाचा नाही. कुणी येऊन हे करा, ते करा असं फारसं सांगत नाही. डाव्या मनगटावर घड्याळ आहे, त्यात भूक, तहान, तब्येत आणि अंगावर घेतलेलं ऊन दिसतं. दर थोड्या वेळाने मनगट वर करून बघायचं. उन्हात फार राबलात की तब्येत ढासळायला लागते, म्हणून दुपारी झाडाखाली बसायचं. हे कोकणातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. मी पुण्याची, मला लागलं.

आता नारळ. या खेळातला सगळ्यात चांगला आणि सगळ्यात वाईट भाग तोच आहे.

हिरवा नारळ हातात घ्यायचा आणि सुरी किंवा कुऱ्हाड चालवायची. खट्, खट्, खट्. तीन-चार घाव बसले की हिरवं आवरण गायब होतं आणि आतला तपकिरी गोळा शिल्लक राहतो. तो प्यायचा. प्यायल्यावर पुन्हा एक घाव की दोन भकलं होतात, ती खायची. नारळाला दोरी जोडली तर त्याचीच पाण्याची बाटली होते. हाताला आणि कानाला हे इतकं समाधान देतं की गरज नसतानाही मी नारळ सोलत बसायची.

अप्पांनी हे दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "सोडण कुठे गेलं?"

"कुठलं?"

"अगं सोडण. सालपट काढलंस ते. जमिनीवर पडलं पाहिजे ना."

सोडण नाहीसं होतं. ते उचलता येत नाही, जाळता येत नाही, वळता येत नाही. इकडे मी दोरीसाठी बेटभर युक्का हुडकत फिरतेय आणि प्रत्येक नारळामागे दोरीचा कच्चा माल हवेत विरून जातोय! एवढंच नाही. झावळी हातात आल्यावर अप्पांच्या मते तिच्यात निदान तीन गोष्टी असतात. पाती विणून झाप करायचे, ते मांडवावर आणि कुडाला चालतात. मधले हीर काढून खराटा बांधायचा. उरलेला दांडा चुलीत. पोय, म्हणजे माडाच्या फुलोऱ्यावरचं आवरण, वाळली की जळणाला तिच्यासारखं काही नाही. करवंटीचा वाढायचा डाव होतो. खेळात झावळी म्हणजे फक्त झावळी. आडोशाला वगैरे घाला, नाहीतर पडू द्या.

मला हा खेळाचा मोठा दोष वाटला आणि मी तसं म्हणालेही. यावर अप्पांनी खेळाचीच बाजू घेतली. काथ्या काय असा लगेच होतो का, म्हणाले. सोडणं खाडीच्या पाण्यात महिनोन्महिने कुजत घालावी लागतात, मग कुटायची, मग वळायची. तोवर तू तहानेने मेली असशील. युक्काचं पान तिथल्या तिथे फाडून पीळ देता येतो, तेच बरं.

विचार केल्यावर मलाही पटलं. नारळ बेटावर ढिगाने आहेत. सोडणाची दोरी झाली असती तर टंचाईच उरली नसती, आणि टंचाई काढली तर या खेळात फक्त छान सूर्यास्त शिल्लक राहतो. करणाऱ्यांनी नारळ अर्धाच समजून घेतलाय, पण माणसाला कुठे कमी पडू द्यायचं हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. ऑफिसात स्टॉक तपासताना असाच एखादा बारका माल निघतो. किंमत काही नसते, पण तो संपला की अख्खं उत्पादन थांबतं.

म्हणून मी वही घातली. जुन्या आर्थिक वर्षाची अर्धी कोरी राहिलेली डायरी घेतली. डाव्या पानावर कुठल्या बेटावर काय आहे, उजव्या पानावर घरात काय शिल्लक आहे. बेटांना नंबर देऊन लक्षात राहीना, मग पेठांची नावं दिली. राहतं बेट सदाशिव. पूर्वेला फुटकं जहाज पडलेलं ते नारायण. साप फार होते ते बुधवार. उत्तरेचं मोठं बेट, जिथे रानडुकरं होती, ते गंज. चिरंजीवांनी वही उघडून बघितली आणि "आई, तू हे काम म्हणून करतेयस" असा शेरा मारून निघून गेले.

नारळाच्या बाबतीत आणखी एक खोडी आहे. तहान लागली म्हणून एकामागून एक नारळ प्यायले तर दोन ठीक, तिसऱ्याला पोट बिघडतं आणि होतं नव्हतं ते पाणी अंगातून निघून जातं. अप्पांना हे अजिबात मान्य नव्हतं. शहाळ्याने कुणाचं पोट बिघडतं का! आजाऱ्याला देतात ते. पण खेळाला ते पटवणार कोण? तर नारळावर जगता येत नाही. मग पाण्याची दुसरी सोय बघावी लागते.

ती म्हणजे वॉटर स्टिल. दगड, कापड, नारळाची बाटली आणि अर्थातच दोरी, एवढ्यात होतं. त्यात तीच तंतूची पाती टाकायची. उन्हाने ओल बाहेर पडते, वर ताणलेल्या कापडावर जमते आणि थेंबथेंब खाली. पाऊस आला तर ते आपोआप भरतं. तत्त्व खरं आहे. पाला झाकून उन्हात ठेवला तर त्यातलं पाणी वाफ होऊन वरच्या आच्छादनाला धरतं आणि निथळतं. एवढ्या-एवढ्या पाल्यात एवढं पाणी मिळणार नाही, पण ते सोडा. गोम अशी की पाणीही त्याच पात्यांवर चालतं ज्यांची दोरी होते. सकाळी हातात चार पाती आहेत. दोरी वळू की पाणी पिऊ? हा प्रश्न मला शार्कपेक्षा जास्त वेळा पडला. अप्पांनी सुचवलं की समुद्राचं पाणी उकळ आणि वाफ धर, विस्तव तर आहेच. बरोबर होतं, पण खेळात ती सोय नाही. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. ते प्यायलं तर मीठ बाहेर टाकायला मूत्रपिंडांना प्यायल्याहून जास्त पाणी लागतं, म्हणून बेटावर पाण्यात उभं राहून माणूस तहानेने मरू शकतो.

ज्या गुरुवारी नळाला पाणी येणार नव्हतं, त्याच्या आदल्या रात्री मी घरातली पिंपं भरून ठेवली आणि मग बसून खेळातली तीन स्टिलं भरली. नवरा म्हणाला, दोन्हीकडचं आवरून झोप आता.

खाण्याचा त्रास त्या मानाने कमी. किनाऱ्यावर बारके खेकडे फिरत असतात, ते उचलून विस्तवावर ठेवायचे. जंगली बटाटे मिळतात. क्वावा नावाचं फळ मिळतं, म्हणजे फिजीकडचा पेरू. उथळ पाण्यात मासे आहेत, भाल्याने मिळतात. अडचण टिकवण्याची. शिजवलेलं मांस ठेवलं की खराब होतं, म्हणून धुराची भट्टी करून त्यात मांस धुरवायचं. इथे मात्र अप्पांनी खेळाला सरळ नापास केलं. चहूकडे खारं पाणी, डोक्यावर ऊन, आणि मीठ नाही? खारवायचं, वाळत घालायचं, पाऊसभर खायचं. बोंबील आणि सुकट काय धुराने होते? मला याचं उत्तर देता आलं नाही. खरोखरच या खेळात मीठ नाही.

बुधवार बेटावर साप डसला. पाती कापायला वाकले, गवतातून फूत्कार ऐकू आला, आणि पुढच्या क्षणी पडद्याच्या कडा मंद हिरवट झाल्या. विष चढलं की तब्येत हळूहळू उतरत जाते. उतारा म्हणजे पिपी नावाचं झुडूप आणि नारळाची बाटली. ते झुडूप मी सदाशिववर बघून ठेवलेलं होतं, वहीत नोंद होती, "पिपी, दक्षिण टोक, दोन". बुधवार ते सदाशिव वल्हवत जायला लागणारा वेळ आणि उतरणारी तब्येत यांचा हिशेब तोंडाने करत मी होडी हाकत होते. किनाऱ्याला लागले, झुडपं खुडली, आणि मग लक्षात आलं की बाटलीला दोरी हवी. पाती माझ्या हातात होती. ज्यांच्यापायी साप डसला तीच. दोरी वळली, बाटली केली, उतारा प्यायले. घड्याळात तब्येतीची शेवटची फीत उरली होती.

अप्पा म्हणाले, "आमच्याकडे फुरसं चावलं तर असला पाला-बिला करत बसत नाहीत हो. सरळ दवाखाना." हे त्यांनी माझ्यापेक्षा चिरंजीवांना उद्देशून म्हटलं असावं, कारण ते तेव्हा दारात सँडविच खात उभे होते.

यानंतर मी प्रत्येक बेटावर पोचल्यावर आधी गवताभोवती एक चक्कर मारायची आणि भाला पुढे धरूनच वाकायचं असा रिवाज ठेवला. पाण्यातही विषारी माल आहे. लायनफिश, समुद्री काटेगोळे, आणि क्राउन ऑफ थॉर्न्स नावाचा काटेरी तारामासा, जो खऱ्या प्रशांत महासागरात प्रवाळ खाऊन फस्त करतो. म्हणून दोन उतारे कायम बरोबर. म्हणजे दोन बाटल्या. म्हणजे दोन दोऱ्या.

रबरी होडी लहान मुलाच्या खेळण्यासारखी उलटते, तिच्यावर फार दिवस काढता येत नाहीत. खरा प्रवास सुरू होतो तो तराफा झाल्यावर. तराफ्याचा पाया चौकोनी तुकड्यांचा असतो. एकेक तुकडा हवा तसा जोडत न्यायचा. तळाला नुसती लाकडं चालतात, पण बोयांचे गोळे, टायर किंवा बॅरल मिळाले तर तराफा चांगला तरतो. वर फळ्यांची जमीन, एक सुकाणू, एक शीड, एक नांगर, आणि खोकी ठेवायला फळकुटांची मांडणी. मांडणी फार महत्त्वाची. तराफ्यावर सुटं ठेवलेलं सामान लाटेबरोबर घसरतं आणि समुद्राला अर्पण होतं.

माझा पहिला तराफा तीन बाय दोनचा झाला. बोये मिळाले नारायणच्या फुटक्या जहाजात. तिथे अंधाऱ्या खोल्यांत पोहत शिरायचं, कपाटं उघडायची, दम संपायच्या आत बाहेर यायचं. कापड, टेप, कंदील, एखादं अवजार, असलं काहीबाही सापडतं. या पोहण्यात मला सगळ्यात जास्त भीती वाटली. शार्क दिसतो तरी. दम किती उरलाय हे बघायला मात्र नजर पडद्याच्या काठावर ठेवावी लागते, आणि त्या नादात आल्या वाटेने परत जायचं दार सापडत नाही.

तराफा बेटाला लावला आणि मी सामान उतरवायला लागले तसे अप्पा उठून खुर्चीच्या पाठीशी आले.

"बांधलास का?"

"नांगर टाकलाय."

"एका नांगरावर काय भरवसा? माडाला बांध."

माडाला बांधता येत नाही. आख्ख्या खेळात दोरीशिवाय पान हलत नाही, आणि त्या दोरीने होडी झाडाला बांधायची सोय नाही! अप्पा यावर बराच वेळ हसत होते. नांगर नसेल तर तराफा लाटांनी सरकत सरकत दूर जातो हे खरं. शक्यतो तो वाळूवर अर्धा ओढून घ्यायचा. खाडीकाठच्या माणसाने हे आधी सांगितल्यामुळे माझा तराफा कधी वाहून गेला नाही.

शार्क. खोल पाण्यात तराफ्याभोवती त्याचा पाठीवरचा पर फिरायला लागला की संगीत बदलतं आणि पोटात गोळा येतो. टायगर शार्क असेल तर तराफ्याला धडका देतो. मोठा पांढरा असेल तर छोटा तराफा उलटू शकतो. मी एकदा उलटले. खोकी मांडणीत होती ती राहिली, सुट्या काठ्या गेल्या. पाण्यात पडल्यावर धीर धरायचा आणि पोहत जाऊन तराफा सरळ करायचा, एवढाच मार्ग. तो परत येईपर्यंत वेळ असतो, पण आपल्याला तसं वाटत नाही. पुढे एक शार्क मी उथळ पाण्यात गाठून भाल्यांनी मारला आणि किनाऱ्यावर ओढत आणून सोलला. आठवडाभराचं मांस निघालं.

अप्पांनी चष्मा पुसून बघितलं. "मोरीच आहे. जरा थोराड आहे." मग गुहागरच्या बाजारात मोरीची, म्हणजे शार्कची, पिल्लं कशी येतात, कातडी खरखरीत असते म्हणून आधी गरम पाण्यात कशी बुडवतात, कालवणाला तिरफळ किती घालायचं, हे सगळं मी मांस धुरात लावेपर्यंत ऐकलं. शेवटी शुक्रवारी मासे आणलेच.

एप्रिलच्या शेवटी वळीव सुरू झाला. या खेळात केव्हाही कुठेही डाव साठवता येत नाही. आडोसा बांधायचा, तिथे जाऊन साठवायचा किंवा झोपायचं. मी सदाशिवपासून चार बेटं दूर गेले होते. बॅरल सापडले होते, तराफ्याखाली लावायला अगदी हवे तसे. एका अनोळखी बेटावर ते गोळा करत असताना इकडे सिंहगडाच्या बाजूने काळं भरून आलं, एक वीज कडाडली आणि लाईट गेली. इन्व्हर्टरवर पंखा आणि दिवा चालतो, कॉम्प्युटर नाही. लाईट आल्यावर मी सदाशिवच्या आडोशात उभी होते, काल सकाळची. बॅरल नव्हते, ओंडके नव्हते, आणि खर्च झालेल्या दोऱ्या परत आल्या होत्या, हा एवढाच फायदा.

त्यानंतर दूरच्या सफरीला आडोशाचं सामान बरोबर नेणं सुरू केलं. काठ्या, झावळ्या, दोरी. मुक्काम पडला की आधी आडोसा, मग बाकीचं. वळवाच्या दिवसांत पुण्यात खेळणाऱ्याने एवढं करावंच.

पुढचा टप्पा माझ्या आवडीचा होता आणि बघणाऱ्याला कंटाळवाणा. गंज बेटावर रानडुकरं मारून कातडी आणली, ती रॅकवर कमावून त्यांचं चामडं केलं. चामड्याने चांगली कुऱ्हाड होते. चांगली कुऱ्हाड आली की लाकूड लवकर होतं, लाकूड आलं की फळ्या, फळ्यांचं घर. भट्टीत मातीच्या विटा. बटाटे घालून इंधन काढायचं यंत्र होतं, त्यावर तराफ्याचं इंजिन चालतं. बटाट्यावर चालणारी होडी बघून चिरंजीव पुन्हा एकदा खोलीत आले, आणि आता मी खेळू का म्हणाले. मी वही वाचून ये म्हटलं.

सुटका मात्र होड्या जमवून होत नाही. समुद्रात एक विमानवाहू जहाज सोडून दिलेलं आहे, त्यावरच्या विमानाला लागणारे भाग तीन राक्षसी प्राण्यांना मारल्यावर मिळतात. पहिला द ग्रेट अबाया, प्रचंड वाम. ही कंपनीची कल्पना नाही. फिजी, सॉलोमन बेटं, वानुआतू या बाजूच्या मेलानेशियन कथांमध्ये अबाया नावाची तळ्यातली जादूची वाम आहे, आणि तिच्या तळ्यातले मासे मारले तर ती पूर आणते. दुसरा लस्का, महाकाय नळ माकूळ. हा कथांमधला प्राणी खरा बहामाकडचा, प्रशांत महासागरात कसा आला ते कंपनीला ठाऊक. तिसरा मेग, म्हणजे मेगॅलोडॉन, हा खरोखर होऊन गेलेला शार्क, लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेला.

अबायाची तयारी करताना वहीतलं एक आख्खं पान गेलं. पाण्याच्या बाटल्या, धुरवलेलं मांस, उतारे, पट्ट्या, आडोसा आणि भाले. भाला फेकला की लागो न लागो, तळाशी जाऊन पडतो, बुडी मारून आणावा लागतो, आणि काही वापरांनंतर तुटतो. म्हणजे जेवढे नेता येतील तेवढे हवेत, आणि प्रत्येकाच्या टोकाला दोरी. सदाशिव, नारायण, गंज, सगळीकडचं युक्का मी झाडून कापलं. तेवढ्या पात्यांत पाण्याचं एक स्टिल कितीतरी दिवस चाललं असतं.

ती पहिल्यांदा दिसली तेव्हा मी मागे सरकले. अंधारातून तोंड आलं, मग अंग येतच राहिलं. तिची तऱ्हा अशी की ती सरळ चाल करून येते, चुकली की लांब वळसा घेते, आणि त्या वळशात कूस उघडी पडते. चाल आली की बाजूला व्हायचं, वळली की भाला. एवढं ध्यानात आल्यावर लढाई भीतीची राहिली नाही, मोजणीची झाली. किती भाले हातात, किती तळाशी, दम किती. अप्पा मागून "आता, आता" म्हणत होते, आणि बहुतेक वेळा बरोबर वेळेला म्हणत होते. शेवटचा भाला लागला तेव्हा हातात एकही उरला नव्हता.

अप्पांचे रिपोर्ट चांगले आले. ते मेच्या दुसऱ्या आठवड्यात गावी गेले. जाताना वहीतल्या बेटांच्या पानावर त्यांनी पेनाने एक ओळ घातली, "गंज, पश्चिम बाजू, माड सरळ वाढलेले, तोडू नयेत". चिरंजीवांनी आता स्वतःचा वेगळा डाव मांडलाय आणि पहिल्याच दिवशी आपल्या बेटावरचे निम्मे माड आडवे केलेत. मी काही बोलले नाही.

लस्का आणि मेग बाकी आहेत. सदाशिववर लाकडी वाफे करून त्यात युक्का लावलाय. त्याला पाणी घालावं लागतं, पाऊस आला तर घालावं लागत नाही. तो कापायला येईपर्यंत लस्काकडे जाण्यात अर्थ नाही. तशीही ३१ मेच्या आत चौथ्या तिमाहीची टीडीएस रिटर्नं भरायची आहेत आणि दोन पार्ट्यांनी अजून चलनं पाठवलेली नाहीत.